कुंकवाखालचा चरा

"पुसा ते कुंकू! आत्ताच्या आत्ता पुसा! नाही तं हा माझा पदर हाय अन् ते तुमचं बॉनेट हाय!"

कुसुमकाकूंचा आवाज वर्धा रोडवरच्या त्या शोरूमच्या काचेवर जाऊन आदळला. काच फुटली नाही, कारण ती गाडीपेक्षा बऱ्या कारागिरानं बसवली होती. पण आत चाललेली सनई आपोआप थांबली, कमानीवरचे सगळे फुगे भीतीनं फुटले आणि शेजारच्या गाडीसमोर केक कापत असलेल्या एका कुटुंबाची सुरी हवेतच राहिली. फुग्यांचं जरा वाढवून सांगितलं. एकच फुटला. पण बाकीचे फुटायच्या बेतात होते.

दसऱ्याची सकाळ होती. नव्या इलेक्ट्रिक गाड्या लाल साटीनखाली ओळीनं उभ्या होत्या. कापड ओढायचं, टाळ्या वाजवायच्या, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी छातीशी धरून फोटो काढायचा, नारळ फोडायचा आणि पुढच्या कुटुंबाला जागा करून द्यायची, असा तिथला रिवाज. काकू ज्या गाडीसमोर उभ्या राहून ओरडत होत्या ती कुणा परक्याची नव्हती. त्यांचीच होती. पूर्ण पैसे भरलेली, त्यांच्या नावावर पासिंग झालेली.

"मॅडम, शुभ दिवस आहे," टाय घातलेला सेल्समन म्हणाला. "आज कुंकू पुसणं बरं दिसत नाही. सर, तुम्ही जरा समजवा ना मॅडमना."

सर म्हणजे काकूंचे यजमान, निमजेकाका. ते सोफ्यावर बसले होते. अंगात नवा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत आपट्याची पानं. त्यांनी सेल्समनकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि पिशवीचं तोंड नीट दुमडलं.

कुसुमकाकू जुनी शुक्रवारीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत साड्यांचं दुकान होतं. पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, कारण काकू गिऱ्हाइकाशी बोलायला लागल्या की चौकापर्यंत कळायचं दुकान उघडं आहे. काका पूर्वी हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा काकूंनी सायकलच्या कॅरिअरला साड्यांचा गठ्ठा बांधला आणि अर्ध्या नागपूरची दारं वाजवली. उरलेल्या अर्ध्या नागपूरनं दार वाजायच्या आधीच आवाज ऐकून उघडलं.

साडी पारखायची त्यांची रीत अशी. आधी डोळे मिटायचे. मग तळवा कापडावरून फिरवायचा, हळू, तापलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुठं गाठ असली, धागा ताणला असला, की हात तिथं थांबायचा आणि डोळे उघडायचे. ते डोळे उघडलेले पाहून भले भले व्यापारी नमते झालेले मी पाहिले आहेत. "डोळे फसवतेत," त्या म्हणायच्या, "बोटं नाही फसवत."

एकदा गांधीबागेतल्या एका ठोक व्यापाऱ्यानं पक्क्या रंगाच्या म्हणून साड्या पाठवल्या आणि पहिल्याच धुण्यात एका गिऱ्हाईक बाईचं सगळं घर गुलाबी झालं. दुसरं कुणी असतं तर फोनवर भांडलं असतं. काकू थेट त्याच्या पेढीवर गेल्या. गादीवर पाच-दहा खेड्यापाड्यांचे दुकानदार बसलेले. काकूंनी गोड आवाजात बादलीभर पाणी मागवलं. शेठला वाटलं, बाईला ऊन लागलं. पाणी आलं. काकूंनी पिशवीतली साडी काढली, शेठच्या खांद्यावरचं बगळ्यासारखं उपरणं ओढलं आणि दोन्ही एकदमच बादलीत बुडवली. पिळून वर काढलं तेव्हा उपरणं होळी खेळून आलं होतं.

"शेठजी, तुमचं खरं हाय," काकू म्हणाल्या. "रंग पक्काच हाय. पाहा, उपरण्याले कसा पक्का बसला."

पेढीवरचे सगळे दुकानदार त्या दिवशी काही विकत न घेताच उठले असं मी सांगत असतो. दोन उठले हे मात्र नक्की.

मग आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. उतार बरोबर आमच्या उंबऱ्यांकडे. काकूंनी रस्त्याच्या मधोमध घागरभर पाणी ओतलं. पाणी पाहुण्यासारखं सरळ त्यांच्या घरात शिरलं.

"सेट झाल्यावर उतार येईल, मावशी," ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

"सेट झाल्यावर? करपल्यावर पोळी गोल होते काय गा?"

आणि त्या ओल्या सिमेंटवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या. माझ्या मते तीन दिवस बसल्या. माझी बायको म्हणते, जेवणापर्यंत. काही का असेना, रस्ता खणून पुन्हा करावा लागला, आणि आज आमच्या गल्लीचं पाणी नालीत जातं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी फुटाळ्याच्या मागच्या रस्त्यावर वाघ पाहिला ती गोष्ट सांगत होतो. काकूंनी साड्यांच्या घड्या घालत घालत ऐकली आणि म्हणाल्या, "वाघ ठेव गप्पाड्या. शेपूट परत ने. भल्ली लांब झाली." तेव्हापासून मी त्या गोष्टीत शेपूट आखूडच सांगतो.

अशा बाईनं इलेक्ट्रिक गाडी का घ्यावी, असं मी विचारलं होतं. त्यांचं उत्तर तयार होतं. "पेट्रोलचा वास साडीले लागते. बाया आधी साडी नाकाले लावतेत, मंग अंगाले. अन् ही गाडी आवाज नाही करत म्हणे. घरात आवाज कराले मी हाय की." साठी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या. त्यांना शिकवणारा मास्तर आधी देवधर्म न मानणारा होता. आठवड्याभरात तो दर गुरुवारी उपास धरू लागला.

पण हे साडीबिडीचं कारण सांगायचं होतं. खरं कारण खाप्याला होतं.

खाप्याला काकांचे थोरले भाऊ राहतात. सगळे त्यांना दादाजी म्हणतात. काकांचा कारखाना बंद झाला त्या वर्षी दसऱ्याला हे दोघं बसनं खाप्याला गेले. काकूंच्या हातात साड्यांचा गठ्ठा, कारण पोटाला दसरा कळत नाही. दादाजींनी भरल्या पंगतीत विचारलं, "काहून गा मधुकर, बायकोच्या गठ्ठ्यावर बसून आला काय?" पंगत हसली. काकू ताटावरून उठून भांडल्या, मनसोक्त भांडल्या, आणि परतीच्या बसमध्ये विसरूनही गेल्या. काका भांडले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि एवढंच म्हणाले, "आता येईन तं आपल्या गाडीनं येईन. नाही तं येणार नाही."

ओरडणाऱ्या माणसाच्या शपथेला काही अर्थ नसतो, संध्याकाळपर्यंत विरते. न बोलणाऱ्यानं शपथ घेतली की घराण्यात रोग शिरल्यासारखं होतं. लोकांच्या लग्नाकार्यात भाऊ-भाऊ भेटायचे, बोलायचे, पण काका खाप्याचा उंबरा चढले नाहीत. मुलांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, केस पांढरे झाले. शेवटी त्या वर्षी दादाजींचाच फोन आला. दृष्टी अधू झाली होती. म्हणाले, "मधुकर, एकदा सोनं द्याले ये गा. दिसते तोवर गाडी पाहू दे मले तुही."

फोन ठेवून काका दुकानात आले आणि काकूंना म्हणाले, "दसऱ्याले जाऊ." दुसऱ्या दिवशी काकूंनी गाडी बुक केली.

आता शोरूममध्ये परत येऊ. त्या आरोळीच्या आधीचं सांगायला हवं, आणि हे मी शेपूट न वाढवता सांगणार आहे, कारण मी तिथं फोटो काढायला गेलो होतो आणि सगळं डोळ्यांनी पाहिलं.

साटीन ओढलं, टाळ्या झाल्या. सेल्समननं पुठ्ठ्याची चावी पुढं केली. काकूंनी ती माझ्याकडं दिली आणि डोळे मिटले. तळवा गाडीच्या मागच्या टोकावर ठेवला आणि निघाल्या. मागं वाकून पाहिल्यावर त्यांनी पहिली शंका काढली.

"याचं सायलेन्सर कोठी गेलं गा? कोणी काढून नेलं?"

सेल्समन हसला. मग बाजूचा हसला. मग काउंटरवरच्या दोघी हसल्या. "मॅडम, इलेक्ट्रिकला सायलेन्सर नसतं!" काकूही हसल्या, म्हणाल्या, "असं काय? मले काय ठाऊक." तिथंच त्या लोकांची चूक झाली. सायलेन्सर माहीत नाही म्हणजे या बाईला काहीच कळत नाही, असं त्यांनी धरलं. त्यानंतर ते काकूंशी बोलेनासेच झाले. प्रत्येक वाक्य काकांना. सर, ही स्क्रीन पाहा. सर, हे सनरूफ. सर आपली पिशवी सांभाळत होते.

काकूंचा हात दरवाज्याशी थांबला. डोळे उघडले.

दरवाज्याच्या फटीवर लाल रिबीन चिकटवली होती, सजावट म्हणून. काकूंनी ती ओढली. फट वर नखाएवढी होती, खाली अख्खं बोट जात होतं. दुसऱ्या बाजूला गेल्या. तिकडेही रिबीन. तिकडची फट नीट होती, पण दरवाजा लागेना. लावला की उघडायचा, पुन्हा लावला की मोठ्यानं आपटावा लागायचा. आतली काळी रबरी पट्टी की काय असते ती नखानं उचलली तर पापडासारखी वर आली. मागच्या दिव्यात पाणी होतं. पाऊस जाऊन महिना झालेला, आणि दिव्यात मासोळी सोडावी एवढं पाणी! बरं, मासोळीचं राहू द्या. थेंब होते.

"शिलाई वाकडी हाय," काकू म्हणाल्या.

"मॅडम, ते टॉलरन्समध्ये आहे."

"ते काय असते?"

"म्हणजे कंपनीनं ठरवलेली सूट. तेवढं चालतं."

"कोणाले चालते? मले कोणी विचारलं?"

मग त्या समोर आल्या. बंपरवर झेंडूचा हार होता, हत्तीला पुरेल एवढा. काकूंनी हार बाजूला केला आणि मान तिरपी केली. "हा अन् हा एका ठाणाचा कपडा नाही. रंग येगळ्या खेपेचा हाय."

सेल्समन म्हणाला, आतल्या लाइटमुळं तसं वाटतं. "मंग चाल उन्हात," काकू म्हणाल्या. गाडी उन्हात काढावी लागली. वर्धा रोडवरच्या लख्ख उन्हात बंपर आणि बाजूचा पत्रा असे दिसले जणू दोन वेगळ्या बापांची लेकरं. रस्त्यानं जाणारा एक स्कूटरवाला थांबून मला म्हणाला, "काकाजी, ठुकली का?" नवी कोरी गाडी! रागानं माझ्याच कानशिलांना झिणझिण्या आल्या.

गाडी पुन्हा आत आणली. आता बॉनेट उरलं होतं. त्यावर शोरूमवाल्यांनी आधीच स्वस्तिक काढून ठेवलं होतं. एवढं मोठं स्वस्तिक मी देवळाच्या दारावर पाहिलं नाही. बाकीच्या गाड्यांवर बोटाएवढी होती, आणि ती मधोमध. आमचं एका कडेला आणि परातीएवढं. काकूंनी पुन्हा डोळे मिटले आणि कुंकवावरूनच तळवा फिरवला. कुंकवाच्या मधोमध हात अडला.

मग ती आरोळी.

सेल्समन पुसेना. काकूंनी पदराचं टोक घेतलं आणि पुसलं. खाली चरा होता. लांबलचक, आतपर्यंत गेलेला, आणि त्याच्या शेवटी पोचा. सजावट म्हणून जिथं जिथं हात लागला होता तिथं तिथं खोट होती. रिबीन फटीवर, हार रंगावर, आणि देवाचं चिन्ह चऱ्यावर!

केकवाल्या कुटुंबातली एक बाई कळवळून म्हणाली, "अवं बाई, सवाष्ण ना तू? दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसून राहिली?"

"बाई, कुंकू देवाले लावतेत. खड्डे बुजवाले नाही लावत," काकू म्हणाल्या, आणि बोटांना लागलेलं सगळं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं. कपाळभर, भुवयांपर्यंत. मग त्या बाईकडं वळून हळू म्हणाल्या, "तुयी गाडी पाह्यली काय वं नीट? पाह्य एकदा. मंग कापजो केक." त्या बाईनं सुरी खाली ठेवली आणि आपल्या गाडीची रिबीन काढायला गेली. पाठोपाठ अजून एकजण गेला. सेल्समन घामाघूम झाले. मला विचाराल तर त्या दिवशी त्या शोरूममध्ये जितकी रिबीन निघाली तेवढीनं अंबाझरी तलावाला एक वेढा बसला असता.

इथं मला थोडं चिडायचं आहे, चिडू द्या. आपण कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून घेतो. नारळ कानाशी हलवतो. टरबुजाला टिचक्या मारतो, संत्री हातात तोलतो, माठ वाजवून घेतो. आणि आयुष्यातली सगळ्यात महागडी वस्तू घ्यायला जातो तेव्हा पुठ्ठ्याची चावी धरून दात काढतो! आपण गिऱ्हाईक नसतोच तिथं. आपण वऱ्हाडी असतो. वऱ्हाड्यानं वरणात मीठ कमी म्हणायचं नसतं. आणि हे त्या लोकांना चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर नारळ आधी आणि तपासणी नंतर. फुटलेला नारळ कोण परत करणार?

शेवटी मॅनेजर आला. हा हुशार होता. हसला नाही, काकूंशीच बोलला. "मॅडम, तुमचं सगळं मान्य. दरवाजा आणि लॉकचा विषय पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये पण क्लिअर होईल."

"सॉफ्टवेअरनं दरवाजा सरळ होते?"

"मॅडम, ही गाडी म्हणजे चाकांवरचा कंप्युटर आहे."

"मंग कंप्युटरच्या दुकानात विका ना बावा! मी गाडी घ्याले आली. कंप्युटरले लिंबू-मिरची बांधत नाहीत कोणी."

मॅनेजरनं मान डोलावली आणि चाल बदलली. तो काकांशेजारी सोफ्यावर बसला. मघा त्या टायवाल्याशी बोलताना काका साधेपणानं सांगून बसले होते की आज खाप्याला जायचं आहे, भाऊ वाट पाहत आहे, किती वर्षांनी जातोय. ते मॅनेजरपर्यंत पोचलं होतं.

"सर," तो अगदी हळू म्हणाला, "दादाजी वाट पाहत असतील. वय झालंय त्यांचं. आज गाडी घेऊन जा. दादाजींना बसवा, एक चक्कर मारा. दसरा झाला की गाडी आणून द्या, मी स्वतः उभा राहून सगळं करून देतो. एक दिवसाचा तर प्रश्न आहे." आणि त्यानं नारळ काकांच्या हातात दिला. "सर, तुम्ही फोडा."

मला वाटलं, आता काकू त्या मॅनेजरला नारळासारखा फोडणार. मी मोबाइलसुद्धा वर धरला. पण काकू बोलल्या नाहीत. त्या काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, कपाळ लालभडक, आणि माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मला कान देऊन ऐकावा लागला.

"तुम्हाले फोडाचा असन तं फोडा. मी काही म्हणत नाही. तुम्हाले आज जाचं हाय, मले ठाऊक हाय."

काकांनी नारळ कानाशी नेला. हलवला. आतलं पाणी ऐकलं.

"नारळ चांगला हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी तो पिशवीत आपट्याच्या पानांवर ठेवला. "चाल वं कुसुम."

"सर, पासिंग झालंय! नंबर पडलाय! असं परत करता येत नाही, सर!" मॅनेजरचा आवाज मागून आला. काकू दारातून वळल्या. त्यांचा आवाज आता जागेवर आला होता. "नंबर तुमच्या घराच्या दाराले लावा! अन् दार तरी सरळ हाय का ते पाहून घ्या आधी!" पुठ्ठ्याची चावी माझ्याच काखेत राहिली होती. काकूंनी ती घेतली आणि शोरूमनं काकूंसाठी मांडून ठेवलेल्या, न कापलेल्या केकमध्ये उभी रोवली. टोकापर्यंत. हे अक्षरशः खरं आहे. मी तोच फोटो काढला.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. काकूंनी ग्राहकांच्या न्यायालयात तक्रार टाकली. मग शोरूमचे फोन आले, धमकीचे आले, गोडीचे आले, मिठाईचा डबाही आला. डब्यातल्या बर्फीलाही काकूंनी हात फिरवला आणि परत केली, म्हणाल्या खवा शिळा आहे. होळीनंतर दुसरी गाडी आली. ती त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत तपासली, रिबीन नको, हार नको, आणि मग स्वतःच नारळ फोडला. दीड-दोन वर्षं साड्यांचे गठ्ठे घालून त्यांनी ती गाडी सगळ्या जिल्ह्यात फिरवली. मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. झोपेत, एका शब्दाचाही आवाज न करता, यावर आमच्या गल्लीचा अजून विश्वास बसत नाही. गाडी आहे. दरवाजे नीट लागतात.

पण मला काकू आठवतात त्या दसऱ्याच्या दुपारच्या.

शोरूमच्या बाहेर ऑटो थांबवला. मी म्हणालो, "जुनी शुक्रवारी." काका म्हणाले, "नाही. बस स्टँडवर घे गा. खाप्याची बस लागते तिथं."

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. "अहो, पण तुम्ही म्हणलं होतं..."

"म्हणलं होतं," काका म्हणाले, आणि सरकून त्यांना बसायला जागा करून दिली.

मला घरी जायला हवं होतं. पण माणसाचं इतक्या वर्षांचं बोलणं मोडताना पाहायला मिळणार होतं, मी कसला जातो? मीही बसलो. बसमध्ये दसऱ्याची गर्दी, सावनेरपर्यंत आम्ही उभेच. दुसऱ्या कुठल्याही दिवशी काकूंनी कंडक्टरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी त्या दांडी धरून उभ्या होत्या आणि खिडकीबाहेर पाहत होत्या. एकदाच म्हणाल्या, मला की स्वतःला कोण जाणे, "घेऊन टाकाले पाह्यजे होती काय गा? एक दिवसासाठी?" मला काही सुचलं नाही. मला! काकांना ऐकू गेलं असावं, पण ते कन्हान नदीचं पाणी दिसतं का ते पाहत होते.

स्टँडवरून घरापर्यंत पायीच गेलो. दादाजींच्या अंगणात मांडव नव्हता एवढंच, बाकी सगळं होतं. गाडी उभी राहावी म्हणून जागा सारवून रांगोळी घातलेली. सुना ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. शेजारपाजारचे लोक खुर्च्या टाकून बसलेले, मधुकरची गाडी पाहायला. मधोमध दादाजी, नवं धोतर, हात काठीवर, तोंड रस्त्याकडं. त्यांना आम्ही तिघं जवळ येईपर्यंत दिसलो नाही. दिसलो तेव्हा ते आमच्या मागं पाहू लागले, रस्त्यावर, जणू गाडी वळणावर अडकली असावी.

"मधुकर? आला काय गा? गाडी कोठी ठेवली?"

सुनांचं ताट थांबलं. खुर्च्यांवरचे लोक एकमेकांकडं पाहू लागले. कुणीतरी पंगतीतल्यासारखं हसायच्या तयारीत होतं, मला दिसलं. काकू एक पाऊल पुढं झाल्या. नागपुरी काठाची नवी साडी बसमध्ये चुरगळलेली, पदराच्या टोकाला कुंकवाचा मोठा डाग, पाय धुळीनं माखलेले. त्यांनी तोंड उघडलं. शोरूमवाले, बंपरचा रंग, सॉफ्टवेअर, सगळं त्या तोंडात तयार होतं, मला खात्री आहे. काकांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, आणि काकूंनी तोंड मिटलं.

काकांनी पिशवीतून आपट्याची पानं काढली, दादाजींच्या हातात दिली, वाकून पाया पडले आणि उभे राहिले.

"घेतली नाही," ते म्हणाले. "दरवाजा वाकडा होता."